चिंचेत भिजलेले बोल्ट

दोन हजार बावीस साली दसरा पाच ऑक्टोबरला आला आणि श्यामची शर्यत होती सोळाला. मोर्शीकडच्या एका पडीत रानात शर्यतीसाठी मातीची धावपट्टी केली होती. दिवस कमी होते आणि श्यामच्या गाडीचं इंजिन तेव्हा अकोल्यात उघडं पडलेलं होतं.

आदल्या वर्षी त्या इंजिनातला एक बोल्ट तुटला होता. बोटाएवढा बोल्ट, पण तो तुटल्याबरोबर त्यानं धरलेला पिस्टनचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला, तेलानं पेट घेतला आणि श्यामचा डावा पाय पोटरीपर्यंत भाजला. त्याच्या आईनं, कौशल्याबाईंनी, अमरावतीच्या घरी तीन महिने त्या पायाला मलम लावलं. पोरगा शर्यत सोडत नाही म्हटल्यावर त्यांनी एकच अट घातली.

"ज्याच्या हातून इंजिन बांधून घेतं, तो माणूस मले दाखव. सामान निवडताना मी समोर बसीन."

"आई, ते काय लुगडं हाय का, पोत पाहून घ्याले?"

"लुगडं फाटलं त भडका होत नाही."



तो माणूस म्हणजे अब्दुल गफ्फार, सत्तरी ओलांडलेले. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचा कारखाना. डोळे अधू झाल्यापासून मापं घ्यायचं काम त्यांची सून आमिना करी. गफ्फारभाईंनी दोन जातींचे रॉड पुढे ठेवले. एक आरशासारखे लखलखीत, दुसरे राखेच्या रंगाचे. कौशल्याबाईंनी अर्थातच लखलखीतांकडे बोट दाखवलं.

"दिसते चांगला," गफ्फारभाई हसले. "आता आयका."

आमिनानं लखलखीत रॉड सुतळीला टांगला आणि हातोडीनं हलकेच टोला दिला. भद्द आवाज आला, आत चीर असल्यासारखा. मग तिनं राखी रॉड टांगला. त्याचा नाद निघाला तो कितीतरी वेळ थांबेना. सगळ्या कारखान्यात तो तरंगत राहिला आणि कौशल्याबाईंनी नकळत हात जोडले.

पण खरी कमाल बोल्टांची होती. आमिनानं एक बोल्ट मापून घट्ट आवळला, पुन्हा मापला.

"केसाएवढा लांबला, काकू."

"लोखंड लांबते?"

"रबरासारखं. सोडलं की परत होता तेवढा झाला पाहिजे. नाही झाला, त फेकून द्यायचा."

साठ वर्षं ज्या लोखंडाला कौशल्याबाई नुसतं मुकं समजत होत्या, ते असं ताणतं, आठवण ठेवून मागे येतं! 

पसंत झालेले आठही बोल्ट गफ्फारभाईंनी तेलाच्या कागदात गुंडाळून कौशल्याबाईंच्याच हाती दिले. "दसरा हाय तुमचा. पूजेत ठेवा, मग आणा."

इथंच घोटाळा झाला. दसऱ्याला हत्यारं पुजायची, ती तेलकट, काळपट कशी ठेवणार? कौशल्याबाईंनी देवाच्या भांड्यांसोबत बोल्टही चिंचेच्या कोळात आणि मिठात रात्रभर भिजत टाकले. सकाळी घासून पुसले, गोडं तेल लावलं. झेंडूच्या फुलांत ते असे उजळून निघाले की श्यामनं फोटो काढला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा अकोल्याला गेले. आमिनानं आठही मापले. माप तंतोतंत.

"लई चकचकीत झाले हे."

"आमच्या मातोश्रीचा हात लागला," श्याम म्हणाला.

आमिना पहिला रॉड बसवायला लागली. गफ्फारभाई चहा पीत सहज सांगत होते, "मागं एक पोरगा बोल्टांवर क्रोम चढवून आला. शोभेसाठी! आधी तेजाबात, ॲसिडमधी, बुडवते ना त्याले. तेजाबातून काहीतरी या कडक लोखंडाच्या पोटात शिरते. दिसत नाही, मापात येत नाही. ताण पडला की बसल्या जागी तुटते."

कौशल्याबाईंनी कप खाली ठेवला. बोललं तर पोराची शर्यत जाणार. दुसरे बोल्ट यायला पंधरा दिवस. नाही बोललं तर? त्यांची नजर श्यामच्या पोटरीकडे गेली.

"भाऊ, चिंच म्हणजे तेजाबच काय?"

आमिनाचा हात थांबला.

"किती वेळ ठेवले, काकू?"

"रातभर. मीठही होतं."

"आई!" श्याम ओरडला. "अवो, आता त मापले! चिंचेनं कधी लोखंड मरते काय? चाचा, सांगा न तिले."

"मले काय मालूम बाप्पा," गफ्फारभाई म्हणाले. "मी चिंच वरणात खातो. बोल्टालेच इचारू."

एका जुन्या रॉडमध्ये आमिनानं त्यातला एक बोल्ट पूर्ण ताणावर आवळला आणि रॉड टेबलावरच्या शिकंज्यात धरला. "आता कोणी हात नका लावू."

बारा वाजले, एक वाजला. गफ्फारभाई नमाज पढून आले. आमिनानं भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. श्याम जेवला नाही. दर दहा मिनिटांनी तो शिकंज्याकडे पाही आणि आईकडे मुद्दाम पाहत नसे.

"झालं समाधान?" तीनच्या सुमारास तो उठला. "बांधा आता."

त्याचं वाक्य संपतं न संपतं तोच टण्ण झालं. शिकंज्याजवळ कोणीच नव्हतं. बोल्टाचं डोकं उडून पत्र्यावर आपटलं आणि घरंगळत खाटेखाली गेलं.

आमिना वाकून तुटलेली बाजू पाहू लागली. आत साखरेसारखे बारीक, चमकदार कण. तिनं ती सासऱ्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाले, "सुभानअल्ला."  काल झेंडूत हसणारी वस्तू आतून कधीच गेलेली होती.

 उरलेले सात बोल्ट श्यामनं स्वतः भंगाराच्या डब्यात टाकले आणि खाली बसून म्हणाला, "आमिनाभाभी, भाकर उरली काय?"

त्या वर्षीची शर्यत हुकली. पुढच्या जानेवारीत नवे बोल्ट घालून श्याम धावला, चौथा आला, इंजिन शाबूत राहिलं. आणखी दोन वर्षं शर्यती करून त्यानं अमरावतीत स्वतःचं गॅरेज टाकलं. गफ्फारभाई दोन हजार चोवीसच्या रमजानात गेले. कारखाना आमिना चालवते. पुण्याची पोरंही आता तिच्याकडून बोल्ट मापून नेतात आणि ती नको म्हणाली की हुज्जत घालत नाहीत. कौशल्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले. शर्यत त्यांनी एकदाही पाहिली नाही. पण आमिनाकडे कुणाचं मोठं इंजिन बांधायला निघालं की त्या अकोल्याची एसटी धरतात, कोपऱ्यात बसतात आणि रॉडचा नाद विरेपर्यंत कोणाशी बोलत नाहीत.