खास याच मशीनसाठी

सासूच्या आजारपणात नऊ वर्षं घरी काढून नमिता चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नोकरीला लागली, तीही सहा महिन्यांच्या करारावर. महाप्याच्या त्या ऑफिसात तिचा साहेब ऋषी तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याने सरळ सांगून टाकलं होतं, "उरणच्या गोदामाचं काम लाईव्ह झालं की तुम्ही पर्मनंट. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

काम तसं लहानच. गेटवर आलेल्या ट्रेलरचा नंबर घालायचा, की कंटेनर कुठे उतरवायचा ते कॉम्प्युटर सांगणार. प्रोग्राम नमिताने पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला. पण गेटवरच्या मशीनमधला पायथन जुनापुराणा, म्हणून नवा पायथन मूळ कोडपासून स्वतः बांधून न्यायचा होता. बांधताना कंपायलरला, म्हणजे कोडचं मशीनच्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, हवे ते पर्याय देता येतात. काहीच दिलं नसतं तरी भागलं असतं, पण बाईंना गप्प बसवेना. नऊ वर्षांत आपण गंजलो नाही हे कुणाला तरी दाखवायचं होतं ना! तिने एक जादा पर्याय घातला: ज्या प्रोसेसरवर बांधतोय, खास त्याच्यासाठीच बांध. तिच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर प्रोग्राम असा पळाला की ती एकटीच हसली.

गेटवरच्या मशीनवर एकदा चालवून बघायला हवं, हे तिलाही कळत होतं. पण गोदामाचे मॅनेजर राजवर्धन यांचा नेमच होता, पूजा होईपर्यंत नव्या कामाला हात लावायचा नाही. गेटवरचा क्लार्क सुभाष मात्र फोनवर म्हणाला होता, "म्याडम, मशीन जाम जुनी हाय. साहेबाना इचारून बगून जा ना येकदा." मुहूर्तावरून मॅनेजरशी वाद घालायची तिची छाती झाली नाही, आणि खरं सांगायचं तर गरजही वाटली नाही.

मुहूर्ताच्या दिवशी गेटवर अकरा वाजून दहा मिनिटांनी नारळ फुटला. नमिताने बांधून आणलेलं सगळं मशीनवर चढवलं. कीबोर्डला हळदकुंकू वाहून राजवर्धननी एंटर दाबलं. पडद्यावर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' एवढंच उमटलं आणि सगळं थांबलं. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

काय झालं ते नमिताला त्याच क्षणी कळलं. तिच्या लॅपटॉपला समजणाऱ्या सूचना या बारा वर्षांच्या मशीनला ठाऊकच नव्हत्या. साऱ्या घोटाळ्याला कारण तिची हौस.

"अर्धा तास द्या," ती कशीबशी म्हणाली. सुभाषच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिने तो पर्याय काढला आणि पायथन पुन्हा बांधायला घेतला. त्याला काही घाई करता येत नाही. बाहेर ट्रेलरची रांग रस्त्यापर्यंत गेली. राजवर्धन कोपऱ्यात फोनवर ऋषीशी बोलत होते, आणि इतकं हळू बोलत होते की तिला एक शब्दही ऐकू आला नाही.

पस्तीस मिनिटांनी नवा पायथन मशीनवर चढला. सुभाषने एका ट्रेलरचा नंबर घातला. जागा लगेच पडद्यावर आली. दुसरा घातला, त्याचीही आली.

"येकदम झकास, म्याडम," सुभाष म्हणाला.

राजवर्धन दारातच थांबले होते. "ताई, तुमचं काम चांगलं असेल. पण पूजेत बंद पडलेल्या गोष्टीला माझी माणसं हात लावणार नाहीत, आणि मीही लावा म्हणणार नाही. ऋषींना सांगितलंय मी." आवाजात राग नव्हता. असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

मग ऋषीचा फोन आला. "मॅम, टेस्टिंग कुठल्या मशीनवर केलं होतं?"

"माझ्याच."

ऋषी म्हणाला, "करार या महिन्याअखेर संपतोय. पुढचं नाही होणार. टेन्शन घेऊ नका."

घेऊ नका म्हणे. नऊ वर्षांनी उघडलेलं दार शहाणपणा दाखवायला जाऊन तिने आपल्याच हाताने लावून घेतलं होतं. या वयात दुसरं उघडेल असं तिला खरंच वाटत नव्हतं.

सुभाष घुटमळत उभा होता. "म्याडम, साहेब बोलले बंद कर. करू?"

"राहू दे, मी करते," नमिता म्हणाली. पडद्यावरची जागा अगदी बरोबर होती. तिने ती एकदा वाचली आणि मशीन बंद केली.