टाकीतलं टॉनिक

माझी जीभ फटकळ आहे, हे मीच आधी सांगून टाकते. शेजारच्या दूधवाल्यानं दुधात पाणी घातलं तेव्हा मी त्याच्या गिऱ्हाइकांसमोर त्याचं पितळ उघडं पाडलं होतं. "खरं बोलायला कुणाच्या बापाची भीती?" हे माझं पालुपद. आमच्या कोंबड्यांच्या शेडवर मी स्वतःच्या हातानं पाटी रंगवलेली आहे : 'इथल्या कोंबड्या औषधाविना वाढतात.'

पाटी लावली तेव्हा ते खरंही होतं. तिसऱ्या तुकडीत पिल्लं शिंकायला लागली, सकाळी पाचदहा मेलेली उचलावी लागायची. मी जनावरांच्या डॉक्टरला न विचारताच दुकानातून अँटिबायोटिक आणलं. पिल्लं वाचली. पुढच्या तुकडीला मी ते शिंकायच्या आधीच दिलं. मग दर तुकडीला पहिले पाच दिवस, आणि नंतर एकीनं जरी मान टाकली तरी औषध सगळ्यांच्या टाकीत. बाटली आणली की कोमट पाण्यात बुडवून तिचं लेबल सोलायचं, ही माझी अक्कल. घरात सगळे तिला टॉनिक म्हणायला लागले. धाकटा भाऊ म्हणायचा, भावजयही म्हणायची. झाकणानं मोजून टाकीत ओतायचं काम भावजयीचं होतं.

तिलाच लागलं. पिण्याच्या पाण्याची नळी साफ करताना पत्र्याची धार तळहातात घुसली. तिनं हात टाकीच्या पाण्यात धुतला, चिंधी बांधली आणि राहिलेली घाण ओढायला गेली. "एवढ्याशा जखमेचं काय कौतुक," असं मीच म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी हात मनगटापर्यंत टम्म फुगला आणि ती तापानं फणफणली. भावाची गाडी बंद पडलेली, म्हणून दूधवाल्यानं त्याच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. मी त्याच्याशी वर्षभर बोलत नव्हते, पण त्यानं एका शब्दानं ते काढलं नाही.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या भाचीएवढी. जखम पाहून तिनं विचारलं, "काम काय करतात या?"

"कोंबड्यांचं," भाऊ म्हणाला.

"कोंबड्यांना कोणती औषधं देता?"

खाटेच्या या बाजूला भाऊ, त्या बाजूला नर्स आणि दारात दूधवाला, हात बांधून. त्याचं तोंड दिसलं आणि माझी जीभ आपोआप वळली.

"काही नाही. नुसतं टॉनिक. व्हिटॅमिन."

डॉक्टरीणबाईनं भावजयीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई म्हणतात तसंच."

जखमेतला पू तपासायला गेला. अहवाल यायला तीन दिवस लागणार होते. तोवर नेहमीचं औषध चालू झालं. दुसऱ्या दिवशी लाली कोपरापर्यंत चढली आणि करंगळी काळपट दिसायला लागली. नर्स इंजेक्शन देऊन गेली, तेव्हा ट्रेमध्ये रिकामी बाटली राहिली होती. मी सहज उचलली. त्यावर तेच नाव होतं, जे मी दोन वर्षं नखानं खरवडून काढत आले होते.

तिथल्या तिथे उठायला हवं होतं. मी उठले नाही. बाहेर बाकावर भाऊ आणि दूधवाला चहा पीत बसले होते, डॉक्टरीणबाईच्या खोलीकडे जायची वाट त्यांच्यासमोरून होती. ते दोघे जातील, मग सांगू, असं म्हणत मी ती रात्र आणि पुढची सकाळ काढली. एका बाईचा हात सडत होता आणि मी माझं नाक सांभाळत बसले होते. याहून वेगळ्या शब्दांत ते सांगताच येणार नाही.

दुपारी दोघे जेवायला गेले. मी खोलीत जाऊन एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती चांगली झापेल. तिनं फक्त औषधाचं नाव आणि किती दिवस देता ते लिहून घेतलं.

"असं सारखं थोडं थोडं मिळालं की कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात," ती म्हणाली. "तुमच्या शेडमध्ये तेच उरलेले असणार. त्यांना ह्या औषधानं काही होत नाही." आणि नर्सला हाक मारून तिनं दुसरं औषध सुरू केलं.

दोन दिवसांनी ताप उतरला. हात वाचला, पण करंगळी काढावी लागली.

भावजय जागी झाली तेव्हा खोलीत मी एकटी होते. पट्टीतल्या हाताकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मी म्हटलं, "ते टॉनिक नव्हतं गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "एकदा लेबल अर्धंच निघालं होतं. मी वाचलं."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांसमोर सांगून बसला होतात, ताई. तुम्हाला खोटं कसं पाडू? म्हटलं, सांगतील तुम्हीच आज-उद्या."

घरात माझ्यापुढे कुणाची बोलायची टाप नाही, याचा मला केवढा अभिमान होता.

तेवढ्यात भाऊ आला, मागोमाग दूधवाला. भाऊ खुशीत होता. "डॉक्टरीणबाई हुशार हं. बरोबर औषध शोधून काढलं!"

"आपलं नशीब," भावजय घाईनं म्हणाली. ती अजूनही मला झाकत होती.

"नशीब कसलं," मी म्हणाले. "मी सांगितलं तिला. आपल्या टाकीत तेच औषध होतं, जे हिला आधी दिलं. टॉनिक वगैरे काही नव्हतं. यांच्यासमोर सांगायची लाज वाटली, म्हणून गप्प बसले."

दूधवाल्यानं मान खाली घातली, जणू चूक त्याचीच होती. भाऊ बायकोच्या पट्टीकडे पाहत होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"करंगळी काळी पडली, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले.