घासलेल्या बश्या

मामांनी शेवटची काचेची बशी उजेडात धरली, एकही डाग नाही म्हटल्यावर फडक्यावर पालथी घातली. चाळीस झाल्या. काहींना हिरवी-काळी बुरशी अशी चिकटली होती की दोनदा पावडर लावावी लागली. नंबरांच्या चिठ्ठ्या तर नखानं खरवडाव्या लागल्या.

मामा शाळेच्या प्रयोगशाळेचे शिपाई. "उद्या पाहुणे येणारेत, लॅब चकचकीत हवी," असं विज्ञानाच्या बाईंनी काल बजावलं होतं. पाहुणे म्हणजे बश्या आणि सूक्ष्मदर्शक देणाऱ्या कंपनीचे साहेब, आणि मुलांना प्रयोग शिकवणाऱ्या संशोधन संस्थेच्या मॅडम.

बाई आल्या आणि दारातच थबकल्या.

"मामा, हे काय?"

"दोन तास मोडले बघा. पोरांनी काय भरून ठेवलं होतं कुणास ठाऊक, नुसता वास!"

बाई स्टुलावर बसल्या. "आठ आठवडे वाढवत होतो ती बुरशी. मुलांनी घराजवळची माती आणली होती. त्यातली निवडक बुरशी संस्थेच्या मॅडम आज तपासायला नेणार होत्या."

मामांचा हात फडक्यावरच राहिला.

"परत माती आणली तर?"

"परत आठ आठवडे. संस्थेशी आपला करार आज संपतोय."

"मला सांगायचं तरी, बाई."

"हो. सांगायला हवं होतं."

त्या ओरडल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

पाहुणे आले. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. "वा! प्रयोगशाळा असावी तर अशी!" त्यांनी मामांच्या हातात एक बशी दिली आणि शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. "हसा की, मामा!"

मामा हसले. मॅडमनी बश्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि नमुने न्यायला आणलेल्या बर्फाच्या डब्याचं झाकण लावून टाकलं.

सगळे चहाला गेल्यावर सातवीतली एक मुलगी वही घेऊन आत आली.

"मामा, माझी सतरा नंबरची कुठली?"

मामांनी चाळीस बश्यांकडे पाहिलं. हाताला लागली ती उचलून दिली. मुलीनं ती डोळ्यांजवळ धरली, उलटीसुलटी केली. मग वहीत तारीख घातली आणि पेन थांबवलं.

"पुढं काय लिहू? वाढली नाही लिहू, की मेली लिहू?"

"घासली लिही," मामा म्हणाले. "आणि कोणी घासली, तेही लिही."