दूध ओळखणारी काच

मी एक बोटभर लांबीची काच बोलतेय. बिश्केकच्या एका प्रयोगशाळेत झिल्डिझ नावाच्या बाईने मला घडवलं. माझ्या पाठीवर एक पातळ थर आहे. पाटातून पाणी जावं तसा प्रकाश त्याच्यातून या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि जाताना किंचित काठाबाहेर झिरपतो. तिथेच झिल्डिझने एक लेप लावला. गाय गाभ टाकते त्या रोगाची खूण दुधात असली, तर ती लेपाला चिकटते आणि पलीकडे पोचणारा प्रकाश मंदावतो. हेच माझं बोलणं. तेही एकदाच, लेप भरला की मी मुकी.

जनावरांची डॉक्टर चोल्पोन मला नारिनच्या डोंगरांतल्या वरच्या कुरणावर घेऊन गेली. तिथे लोकरीच्या तंबूत उमसुनाय आपाचं बिऱ्हाड होतं. सून मेरीम पहिलटकरीण. आपाने कबऱ्या गाईची धार काढून दिली, चोल्पोनने थेंब माझ्यावर सोडले आणि माझा प्रकाश मंदावला.

"आपा, गाय आजारी आहे. तिला वेगळी बांधा. कच्चं दूध कुणी तोंडाला लावू नका, मेरीमने तर मुळीच नाही."

"अगं, या गाईच्या आईच्या दुधावर माझी पोरं वाढली," आपा म्हणाली. "आणि ही काच माझ्यापेक्षा शहाणी?"

"शहाणी नाही, आपा. तिला फक्त दिसतं."

"मग तिला चष्मा लागलाय."

सगळे हसले, चोल्पोनही. शेवटी आपाने मान डोलावली, आणि चोल्पोनने तेवढ्यावर भागवलं. उजेड होता तोवर तिला पुढचे तंबू गाठायचे होते.

पुढचं मला मागाहून कळलं. आपा दूध उकळायची, पण त्याआधी कच्च्या दुधावर आलेली साय काढून सुनेच्या पावावर घालायची. पोटुशी बाई, नुसत्या उकळलेल्या दुधाने तिला काय बळ येणार, असं तिला वाटे. सगळी माया होती ती.

कळप खाली उतरल्यावर चोल्पोन पुन्हा त्यांच्या गावातल्या घरी गेली. मी तिच्या पिशवीत होते. मेरीम भिंतीला टेकून बसली होती. अंगात ताप, गुडघे सुजलेले. पोटातलं मूल गेलं होतं.

आपाने चहा ओतला. मग म्हणाली, "पोरी, ती काच आणलीस का? तिला परत विचार. सायीनेच झालं का ते? दुसरंही काही असेल."

चोल्पोनने मला डबीतून काढलं. माझा लेप वाळून पांढुरका झाला होता.

"ही आता काही सांगणार नाही, आपा. ती एकदाच बोलते."

"साय मला आवडायची," मेरीम हळूच म्हणाली. "मीच मागून घ्यायचे."

आपा उठली. बाहेर गेली, कबऱ्या गाईला सोडून आणलं आणि तिचं दावं चोल्पोनच्या हातात दिलं.

आता मी चोल्पोनच्या कपाटात पडून असते. ती नव्या काचा घेऊन कुरणांवर जाते आणि प्रत्येक तंबूत आधी विचारते, "साय कोण खातं?" मला दूध कळलं, पण ती साय कुणाच्या पावावर जाते ते कळलं नाही.

तुमच्या दारी अशी एखादी काच आली आणि तिचा उजेड मंदावला, तर हवं तर हसा. पण तिला घेऊन आलेल्या बाईला लगेच जाऊ देऊ नका; साय चालेल का, तेही विचारून घ्या.