बंगालीण पोट्टीची बाटली

बंगाली लोकं जादू करतेत, हे आमच्या शहापुरात शेंबड्या पोट्ट्यालेही माहीत. तरी आमच्या बुढ्यानं मले न पुसता मागची खोली शेफाली मंडलले देऊन टाकली. तिचे मायबाप पूर्व पाकिस्तानातून जीव घेऊन पळालेले, सरकारनं अर्जुनीकडल्या जंगलात वसवलेले. त्यायची ही पोट्टी अठ्ठ्याहत्तर साली भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ले लागली.

माह्या तिच्यावर काडीचा भरोसा नव्हता. सारखी तळ्यात गुडघाभर उतरे, हिरवं चिकट शेवाळ बाटलीत भरून खिडकीत ठेवे. शेवाळ कोण पोसते, माय? त्यातच आमची गाय आटली. झालं! मी तिले म्हटलं, "तुह्यं बोचकं बांध."

"मावशी, खोली गेली त कॉलेज गेलं. बाबा मले परत नेतील." ती रडकुंडीले आली. "हे प्रॅक्टिकलसाठी आहे. चला, तुम्हीच पाहून घ्या."

"चाल! खोटी निघाली त आजच खोली खाली."

छत्री घेऊन तिच्या कॉलेजात गेली मी. सरायनं तिची बाटली घेतली, काचेवर शेवाळ ठेवलं अन् मलेच आधी मायक्रोस्कोपात पाहाले लावलं. बावा! नळीत हिरव्या बांगड्या भरल्यासारखं दिसे. जादूबिदू काही नाही. मंग गाय कायनं आटली, असं तरी मनात आलंच.

मंग वर्गातले पोट्टे मायक्रोस्कोपावर तुटून पडले. शेफाली मागं भिंतीशी. जराशी पुढं सरली त एकानं हात आडवा घातला, "ए बंगालीण, तू राहू दे. काही जादू करून ठेवशील!" सारे हासले. सर कपाटात तोंड घालून काहीबाही शोधत राहिले.

"तू कधी पाह्यलं वं यातून?" मी पुसलं.

"नाही मावशी. नंबरच येत नाही. म्हणून तर शेवाळ मीच आणतो. एखाद दिवशी पाहू देतील."

माह्यं डोस्कंच फिरलं. माह्येच शब्द, अन् या शेंबड्याच्या तोंडात! मले लाजही वाटली अन् रागही आला. छत्री आडवी धरून साऱ्यायले मागं सारलं. "हटा! ही माह्या घरची पोट्टी आहे. हिनं आणलं, हीच पाहील."

शेफाली वाकली. बराच वेळ वाकूनच. मले पुन्हा संशय आला.

"काय दिसून राहिलं वं?"

"काहीच नाही, मावशी." आसवं टपटप खाली पडून राहिली होती.

"डोळे पूस अन् पुन्हा पाह्य. मी हटत नाही इथून."