डावीकडे वळलं की पेट्रोल संपायचं

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लटारूच्या व्हॅनमध्ये डावीकडचं इंडिकेटर लावलं की पेट्रोल संपायचं. बंद केलं की टाकी पुन्हा भरायची. गावापासून चामोर्शीच्या बाजारापर्यंत सात डावी वळणं. म्हणजे दर बाजाराला सात वेळा टाकी रिकामी व्हायची आणि सात वेळा भरायची.

बाकीच्या अवयवांनीही आपापला सवतासुभा मांडला होता. ब्रेक दाबला की वायपर अर्ध्या काचेपर्यंत येऊन दचकल्यासारखा थांबायचा. हेडलाइट लावले की गरमीचा काटा थेट लाल रेघेवर. हॉर्न दाबला की हॉर्न सोडून सगळं चालू व्हायचं. वेगाचा काटा तेवढा इमानदार. तो सहा वर्षांपूर्वी मेला होता आणि त्यानंतर एकदाही उठून बसला नव्हता.

आता लटारू म्हणजे गाड्यांतला जाणकार, असं गावात मानलं जायचं. असं मानणाऱ्यांत लटारूच पहिला. जुनी व्हॅन घरी आली त्या दिवशी त्यानं पुढून वाकून पाहिलं, मागचं दार उघडून पाहिलं आणि इंजिन चोरीला गेल्याची बोंब ठोकली होती. इंजिन त्याच्याच सीटखाली निघालं. अकरा वर्षं झाली, पण गावातली माणसं अजून ते विसरायला तयार नाहीत, आणि लटारू रागवत नाही, कारण ही गोष्ट त्यानंच चार ठिकाणी रंगवून सांगितली होती.

काटे बिघडले तेव्हा त्यानं आधी स्वतःचं ज्ञान वापरून पाहिलं. डॅशबोर्डवर बुक्की मारली. पेट्रोलचा काटा वर आला, दुसऱ्या बुक्कीला घड्याळ बंद पडलं. फ्यूज काढून धोतराला पुसले आणि परत बसवताना कोणता कुठला हे विसरला. बॅटरीवर गरम पाणी ओतलं. शेवटी व्हॅनला चार शब्द समजुतीचे सांगितले आणि एक शब्द बिनसमजुतीचा. बायको वच्छला ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अवो, ते गाडी आहे. जावई नाई, समजावून घ्याले."

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण व्हॅनमध्ये दर बाजाराला सात बाया बसायच्या. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सुकी मासळी, झाडू घेऊन चामोर्शीला जायच्या, आणि त्यांची म्होरकी होती धुरपता. मागच्या बाजाराला तिसऱ्या वळणावर इंडिकेटर बंद करायचं राहून गेलं आणि काटा शून्यावरच पडून राहिला. लटारूनं काट्यावर भरवसा ठेवला, व्हॅन कडेला घेतली आणि डबा घेऊन दोन किलोमीटर पायी गेला. पेट्रोल आणून टाकीत ओतलं तर ते वरून सांडून त्याच्या चपलेवर आलं. टाकी काठोकाठ भरलेली. त्याच्या आदल्या बाजाराला गरमीचा काटा बघून त्यानं सगळ्यांना तासभर सागाखाली बसवलं होतं. इंजिनवर हात ठेवून पाहिला असता तरी कळलं असतं, पण ते सीटखाली असल्यानं पुन्हा त्याच्या ध्यानात आलं नाही.

धुरपतानं उतरताना पाटी कमरेवर घेतली आणि शांतपणे सांगितलं, "लटारूभाऊ, येत्या बाजारी काटा हालला, तर आमी साऱ्याजणी प्रवीणच्या गाडीत बसू. माह्या वांग्याईचे तोंड पाहा, तुमच्यापेक्षा सुकले."

प्रवीणची गाडी नवी होती, सीटला फुलाफुलांची कव्हरं होती आणि आत गाणी वाजायची. लटारूच्या व्हॅनमध्ये टेप नव्हता. लटारू होता. गाव ते चामोर्शी तो तोंड चालवायचा: अस्वलानं त्याच्याकडून तंबाखू मागितला ते, नदीच्या पुरात तो खाटेवर बसून आष्टीपर्यंत गेला ते. सात बाया हसायच्या, टोमणे मारायच्या, खोटं आहे हे माहीत असून "मंग?" म्हणायच्या. घरी वच्छला "मंग" म्हणत नसे. सातजणी प्रवीणकडे गेल्या तर आठवड्यातून एकदा भरणारं त्याचं हे दुकान बंद पडणार होतं, आणि ऐकायला उरणार होती ती फक्त व्हॅन, जी स्वतःच थापा मारायला लागली होती.

म्हणून बाजाराच्या दिवशी तो भल्या सकाळी निघाला. गरमीच्या काट्यावर रुमाल टाकला, सातही वळणं इंडिकेटर न लावता, खिडकीतून हात काढून घेतली, आणि बाया उतरायच्या आतच व्हॅन नूर मोहम्मदच्या दुकानापुढे नेऊन उभी केली. नूर मोहम्मद चामोर्शीतला गाड्यांच्या वायरिंगचा कारागीर. बोलायला कमी, आणि पाहायला त्याहून कमी. तो आधी ऐकून घ्यायचा.

"सारे काटे एकदम बिघडले काय?" त्यानं विचारलं.

"एकदम. पोळ्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी."

"मंग काट्याईले काऊन शिव्या देऊन राह्यले, भाऊ? एक काटा खोटा बोलला तर काटा खराब. सारेच बोलले तर त्याईच्या परत जायच्या वाटेवर काही तरी बसलं आहे."

"कोणाच्या परत जायच्या?"

"करंटच्या. बॅटरीतून निघते, काम करते, अन् गाडीच्या पत्र्यातून परत घरी जाते. आता समजा तुमच्या धानाच्या बांधीचं पाणी निघायचा रस्ता बुजला. पाणी बसून राहते काय? शेजाऱ्याच्या बांधीत शिरते. तुमच्या डाव्या इंडिकेटरचं पाणी पेट्रोलच्या काट्याच्या बांधीतून जाऊन राह्यलं, बस."

उतरून मागे उभ्या राहिलेल्या धुरपताला हे लगेच पटलं. तिच्या शेजाऱ्याचं पाणी दर पावसाळ्यात तिच्या बांधीत यायचं. "अन् शेजारी म्हणते माहा काही कसूर नाई," ती म्हणाली.

नूर मोहम्मदनं एक बल्ब काढला. त्याला दोन लांब वायरी जोडलेल्या होत्या. एक वायर बॅटरीला लावली आणि दुसरी घेऊन तो उताणा पडून डॅशबोर्डखाली शिरला. बाहेर फक्त पाय राहिले. त्यानं वायर गाडीच्या पत्र्याला टेकवली. बल्ब लख्ख पेटला. मग आतल्या एका बोल्टवर, जिथं सगळ्या काळ्या वायरी एकत्र आवळल्या होत्या, तिथं त्या वायरींच्या टोकाच्या कडीला टेकवली. बल्ब विझत्या विडीसारखा लालसर.

"मिळाला चोर," आतून आवाज आला.

लटारूची छाती फुगली, जणू चोर त्यानंच पकडून दिला होता. "मले पहिल्यापासून तिथंच शक होता," तो बायांना म्हणाला.

नूर मोहम्मदनं पाना लावला. नट हलेना. त्यानं पाय समोरच्या सीटला टेकवले, दोन्ही हात लावले, तोंडानं काही तरी पुटपुटला, तेव्हा कुठे नट सुटला. कडी बाजूला झाली आणि त्याच्या छातीवर काही तरी पडलं. तो सरपटत बाहेर आला, उठून बसला आणि ती वस्तू त्यानं तळहातावर धरली.

पळसाचं पान होतं. वाळून तपकिरी झालेलं, मधोमध बोल्टानं पाडलेलं गोल भोक, आणि अंगभर पिवळा, चिकट लेप.

नूर मोहम्मदनं ते नाकाशी नेलं. "तूप," तो म्हणाला. मग बोटानं खरवडलं. "हळद."

लटारूच्या फुगलेल्या छातीतली हवा गेली.

झालं होतं असं. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याचे बैल म्हातारे होऊन गेले. तेव्हापासून पोळ्याच्या आदल्या सांजेला, गल्लीत घरोघर तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानानं बैलांचे खांदे शेकले जायचे तेव्हा लटारू आपल्या ओट्यावर हात चोळत बसायचा. यंदा त्याला सहन झालं नाही. त्यानं वाटीत तूप घेतलं, हळद घेतली आणि व्हॅनकडे गेला. ओझं ओढते, तर तिलाही खांदा असणारच. पण कुठे? त्यानं व्हॅनला दोन फेऱ्या घातल्या. समोर चाचपलं, चाकाजवळ चाचपलं. शेवटी डॅशबोर्डखाली डोकं घातलं तर एकाच बोल्टावर दहा-बारा वायरींचा भार दिसला. बिचारीचा खांदा इथं आहे तर! त्यानं नट सैल केला, तूप-हळद चोळली, आणि बोल्ट घासू नये म्हणून पानही मायेनं कडीखाली सारून नट आवळला, अगदी अंगातली सगळी ताकद लावून. मग बैलाच्या कानात सांगतात तसं, आरशाला कान समजून त्यात हळूच म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पान हिरवं होतं, ओलं होतं; तोवर करंटला थोडी वाट मिळाली. वाळलं तशी मिळेना. इतकं विज्ञान लटारूलाही आता एका क्षणात समजलं. समजून उपयोग नव्हता. इंजिनवाली गोष्ट अकरा वर्षं चालली होती. ही त्याच्या तेराव्यालाही चालली असती.

"निघालं ना? लावा कडी, चला," तो घाईनं म्हणाला.

नूर मोहम्मदनं बोल्ट घासून चकचकीत केला, कडी घासली, नट आवळला. इंडिकेटर लावलं, पेट्रोलचा काटा जागचा हलला नाही. ब्रेक दाबला, वायपर निजून राहिला. हॉर्न तर इतका जोरात वाजला की पलीकडची शेळी दावं तोडून पळाली.

पण धुरपता जागची हलली नव्हती. "नूरभाऊ, हे पुन्हा होईन काय? सांगा. आमाले दर बाजारी जाणं आहे."

"पान आलं कुठून ते समजलं तर सांगतो, बाई," नूर मोहम्मद हात पुसत म्हणाला. "आपल्या पायानं तर आलं नसन. पुन्हा आलं तर पुन्हा होईन. मी कायची गॅरंटी देऊ?"

सगळ्यांनी लटारूकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे प्रवीणची गाडी उभी होती. आत गाणं वाजत होतं आणि सातातल्या दोघींचे पाय त्या बाजूला वळले होते. लटारूनं कपाळाचा घाम पुसला आणि तोंड उघडलं. त्या तोंडाला खरं बोलायची सवय नव्हती, त्यात त्याचा काय दोष?

"उंदीर," तो म्हणाला.

"उंदीर?"

"साधा नाई. जंगलातला, घोटच्या बाजूचा. ह्या एवढा. मी सोताच्या डोळ्यानं पाह्यला, पण म्हटलं लेकुरवाळा आहे, काऊन हाकलायचा? त्याले घर बांधाचं होतं. पळसावर चढला, पान निवडलं. पह्यलं पसंत नाई आलं, टाकलं. दुसरं आणलं."

"मंग?" एकीच्या तोंडून निघून गेलं. प्रवीणकडे वळलेले दोघींचे पाय परत फिरले.

"मंग पान ओढता ओढता त्याचा पाय कापला, पत्र्यानं. लंगडत लंगडत गेला आमच्या रांधणीत. वच्छलाच्या डब्यातून हळद आणली, जखमेले लावली."

"अन् तूप?"

"पोरं उपाशी होते ना त्याचे! तूप पोराईसाठी नेत होता, सांडलं बिचाऱ्याचं." लटारूनं बाहीनं डोळे टिपले. त्या उंदराला त्यानं किती सोसायला लावलं होतं! "आता गेला तो. बायकोच्या माहेरी, सिरोंच्याकडं. पुन्हा येत नाई. नूरभाऊ, द्या गॅरंटी."

नूर मोहम्मद हसू दाबायला पाठमोरा झाला. धुरपतानं उतरवलेली वांग्यांची पाटी उचलून पुन्हा व्हॅनच्या मागच्या भागात ठेवली, पुढे आली, नेहमीसारखी लटारूशेजारच्या सीटवर चढली, दार एका फटक्यात लागत नाही म्हणून दोनदा आपटलं, आणि खिडकीतून डोकं काढून साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"उंदीर आला, मान्य. हळद लावली, मान्य. सासुरवाडीले गेला, तेबी मान्य. पण लटारूभाऊ, नूरभाऊले दोन हातानं सुटता सुटेना असा नट त्या लंगड्या उंदरानं कसा आवळला, ते सांगा!"