मधला स्पीकर

“आता हे सांगून काई फायदा नाई. तुमी कोनी मानसान नाई,” भैय्यालालनं दिवाणावर मांडी ठोकली आणि दुसऱ्या कोणाला टेकायला जागा राहणार नाही असा पसरला. “पन या डब्यानं कामठ्यात पानी पाडला.”

डबा म्हणजे टीव्हीखालचा रिसीव्हर. काळा, जड, पुढं आवाज पिळायचा एक मोठा गोल कान असलेला. दिवाळीला मुलानं, दुर्गेशनं, नागपूरहून आणून दिला तेव्हापासून कामठ्यातली आठ-दहा माणसं रोज संध्याकाळी भैय्यालालच्या बैठकीत येऊन बसत. चारी कोपऱ्यांत चार स्पीकर, टीव्हीच्या बरोबर खाली पाचवा आणि दाराआड भोपळ्यासारखा बसलेला वूफर.

“दुर्गेशनं पयल्या दिवशी पिक्चर लावला,” भैय्यालाल म्हणाला. “पिक्चरात बरसात. आगं, मागं, चहूकडून पानी. तिकडं मनिरामच्या आंगनात धान वाळत होता. आवाज आयकून याची बाई ताडपत्री घेऊन धावली. तिले पाहून बाजूची धावली. अर्ध्या तासात साऱ्या गावाचा धान घरात! अन् वरतं पाह्यलं तं एक ढग नाई.”

इथं भैय्यालाल थांबला. दोघं-तिघं हसले. एक जण मोबाइल पाहत होता तो पाहतच राहिला. भैय्यालालची नजर मात्र स्वयंपाकखोलीच्या दाराकडं गेली. आतून फक्त सुपाचा आवाज आला. फट्, फट्, फट्.

“मंग?” मनिराम म्हणाला.

“मंग काय. ढगाईले लाज वाटली. संध्याकाळी खरोखरचा पानी आला.”

“बरं, पिक्चर लाव आता भाऊ,” कोणीतरी म्हणालं. गोष्ट अशी अर्ध्या वाटेत मेली.

दोन वर्षांपूर्वी असं होत नव्हतं. भैय्यालालनं गोंदियाच्या राइस मिलमध्ये पस्तीस वर्षं मशीन चालवली, पण त्याचं नाव झालं ते थापांनी. आणि खरं सांगायचं तर त्या नावात निम्मा वाटा अनुसयाबाईचा होता. तो बैठकीत बसून सांगायचा, ती स्वयंपाकखोलीच्या उंबरठ्याआड बसून ऐकायची आणि नेमक्या जागी आतून आवाज यायचा, “खोटं!” एकदा त्यानं शेताच्या बांधावर वाघाला दम दिल्याचं सांगितलं. वाघ शेपूट घालून मागं सरकतो न सरकतो तोच आतून ऐकू आलं, “वाघ नाई, बोका होता. अन् तो मागं सरकला नाई, दुधाची चरवी घेऊन पडला.” माणसं पोट धरून हसली. पुढं कितीतरी दिवस लोक वाघाची गोष्ट सांगा म्हणून येत, ती बोक्यासाठी.

भैय्यालालही मोठा पक्का. गोष्ट रचतानाच तो तिच्यासाठी एक भोक ठेवायचा. त्या भोकाशी आला की जरा थांबायचा, पाण्याचा घोट घ्यायचा आणि वाट पाहायचा. अडतीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

मग एका तापानं तिचा डावा कान पुरा नेला, उजवा निम्म्याहून जास्त. डॉक्टरनं कानात घालायची मशीन दिली. ती घातली की प्रत्येक भांडं डोक्यात पडल्यासारखं वाजायचं. आठ दिवसांत तिनं मशीन ठेवून दिली आणि सगळ्याला मान डोलवायला लागली. मिलच्या घरघरीत उभा जन्म गेला भैय्यालालचा, आणि कान गेले तिचे. हा हिशोब त्याला कधी पटला नाही.

जवळ बसून, कानाशी तोंड नेऊन सांगता येतं की, असं कोणी म्हणेल. त्यानं करून पाहिलं होतं. “भाजीत मीठ कमी हाय” हे ओरडून सांगता येतं. “औषध घेतलं का” हेही. थाप ओरडून मारता येत नाही. ओरडलं की ती नुसती बातमी होते.

दुर्गेशनं डबा आणला तो त्याच्या फ्लॅटखालच्या बाईच्या तक्रारीपायी. वूफर सुरू झाला की तिच्या कपाटातल्या कपबशा चालायला लागत. घरी आणून त्यानं वायरी जोडल्या, बोटभर मोठा माईक दिवाणावर उशीच्या वर ठेवला आणि सगळ्यांना गप्प केलं. डबा एकेका स्पीकरमधून घूंऽऽ करून स्वतःच माप घेत होता.

“हे काऊन?” भैय्यालालनं विचारलं.

“श्श! आपण कुठं बसतो ते त्याले समजते बाबूजी. मंग तिथं बसणाऱ्याले बरोबर आवाज देते.”

माप झाल्यावर दुर्गेशनं टीव्हीखालच्या स्पीकरवर हात ठेवला. “अन् हा मधला. गाणं, मारामारी, पाऊस बाकीच्या चारांतून. पण माणूस जे बोलतो ना, ते सारं यातून. याले हलवू नका.” भाऊबीज झाली आणि तो नागपूरला गेला.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी पिक्चर सुरू होता आणि अनुसयाबाई टीव्हीखालची फळी पुसायला आली. उजवा कान मधल्या स्पीकरला लागेल अशी वाकली होती. पिक्चरमधली सासू सुनेला विचारत होती, चहात साखर किती टाकलीस म्हणून. सून म्हणाली, पाच चमचे.

“अगो माय, पाच!” अनुसयाबाई म्हणाली.

भैय्यालाल दिवाणावरून उठूनच बसला. “तुले आयकू आलं?”

तिनं मान डोलवली. मग तोच प्रश्न त्यानं दोनदा केला तेव्हा म्हणाली, “बाईचा आवाज आला. साफ आला.”

“मंग बस ना इथं. रोज बस. दिवाणावर बस.”

“बैठकीत? मानसाईत?” ती अशी बघायला लागली, जशी त्यानं तिला झाडावर चढून बस म्हटलं. सासरे गेल्याला वीस वर्षं झाली होती. भिंतीवर त्यांचा फोटो होता आणि फोटोसमोरही ती कधी बसली नव्हती. फडकं घेऊन ती आत निघून गेली.

भैय्यालाल तासभर मधल्या स्पीकरकडं बघत राहिला. मग त्यानं शेतातल्या मोटारीची उरलेली वायर काढली, स्पीकरच्या वायरीला जोडली, भिंतीच्या कडेकडेनं खिळे ठोकत नेली आणि स्पीकर सरळ स्वयंपाकखोलीत नेऊन तांदळाच्या पिंपावर ठेवला. उंबरठ्याआड तिची बसायची जागा, पिंप तिच्या बरोबर उजव्या हाताला. मग तो माईक घेऊन तिच्या पाटावर बसला, तिच्या कानाची उंची विटेनं मोजली आणि घूंऽऽ सुरू केलं.

त्या संध्याकाळी बैठकीत जे झालं ते कोणाच्या घरी झालं नसेल. पिक्चरात गोळ्या चालत होत्या, घोडे धावत होते, ढोल वाजत होते. फक्त माणसं तोंड उघडत होती आणि आवाज येत नव्हता. हिरो आईच्या पायावर पडला, आईचे ओठ हलले, मागून सनई वाजली.

“भैय्यालालभाऊ, या पिक्चरमंदी सारे मुके काऊन हायेत?” मनिरामनं विचारलं.

तेवढ्यात स्वयंपाकखोलीतून डाकू गरजला की सूर्य बुडायच्या आत गाव जाळून टाकीन. एक जण दचकून उठला.

“नवीन तऱ्हा हाय,” भैय्यालाल शांतपणे म्हणाला. “शहरात आता असेच पाहतेत. बोलनं मनात समजून घ्यायचं.”

“अन् डाकू तुह्या घरात काय भाकर मांगून राह्यला का?”

“डब्याले जिथं वाटलं तिथं त्यानं बोलनं सोडलं. त्याचं तो पाहते. म्या त्याले काई म्हनलो नाई.”

लोकांनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी स्पष्ट सांगून टाकलं, “स्पीकर जागेवर ठेव, नाई तं आमी येत नाई.” भैय्यालालच्या घरी माणसं येत नाहीत असं आयुष्यात झालं नव्हतं. मिलच्या सुट्टीच्या दिवशी त्याच्या ओट्यावर चपला मावायच्या नाहीत. त्या संध्याकाळी तो दोनदा स्वयंपाकखोलीत गेला, दोनदा स्पीकरला हात लावला. दुसऱ्यांदा अनुसयाबाई सुपातले खडे वेचता वेचता मान वर करून म्हणाली, “त्या पोरीचं लगन झालं का वो? बापानं नाई म्हनलं, मंग समजलंच नाई.”

त्यानं हात काढून घेतला.

चौथ्या दिवशी एकटा मनिराम आला. त्याला पिक्चरशी घेणं-देणं नव्हतं, त्याला घरी बसवत नव्हतं.

दुर्गेशला कुठून तरी कळलं. त्याचा फोन आला. “बाबूजी, मधला स्पीकर रांधनखोलीत नेला म्हणे! अहो, तो तिथं ठेवत नसतात. सारं बिघडते. तिथं बसते कोण?”

“तुही माय.”

 मग दुर्गेश हळूच म्हणाला, “कानाच्या उंचीवर हाय ना?”

“विटेनं मोजलो.”

“मंग रिमोट घ्या. मधल्याचा आवाज चार घरं वाढवा. बाकीचे कमी करा.” त्यानं एकेक बटण सांगितलं. शेवटी म्हणाला, “पण तिले टीव्ही तं दिसत नाई तिथून. तुमी मले मोबाइलवर गोष्टी बोलून पाठवता ना? तश्या लावा. मोबाइलही जोडता येते डब्याले.”

भैय्यालालनं यावर हूं केलं आणि फोन ठेवला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. परके लोक ऐकू येणं वेगळं. आपलं बोलणं तिच्यापर्यंत गेलं आणि तरी तिनं नुसती मान डोलवली तर? आजवर दोष कानाचा होता. उद्या कदाचित गोष्टच शिळी निघेल, किंवा तिला आता पकडावंसंच वाटणार नाही. मग कोणत्या डॉक्टरकडं जायचं?

सकाळी तो मोबाइल घेऊन गोठ्यात गेला. म्हशीसमोर उभा राहून दोनदा बोलला, दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा जमलं. गोष्ट त्यानं मुद्दाम अशी घेतली होती, जिला साक्षीदार एकच होता.

दुपारी मनिराम आल्यावर त्यानं मोबाइल डब्याला जोडला. बैठकीतल्या चारही स्पीकरांतून काही आलं नाही. आतून मात्र भैय्यालालचा आवाज सुरू झाला, पिंपावरून, जवळून, न ओरडता.

“लगनाचं पयलं वर्स. अनुसयाच्या मावशीकडं दरेकस्याले गेलतो. परत येताना गाडी चुकली. टेशनावर आमी दोघं, बाकी जंगल. तेवढ्यात एक अस्वल आलं अन् बाकड्यावर आमच्या बाजूले बसलं…”

मनिराम दाराकडं सरकून कान देऊ लागला. “अस्वल?”

“चूप ना!” भैय्यालाल पुटपुटला.

आतला भैय्यालाल रंगात आला होता. “अनुसया थरथर कापून राह्यली. म्या म्हनलो, भिऊ नको, मी हावो. खिशातून बिडी काढलो, अस्वलाले देलो. त्यानं दोन झुरके मारले. मंग माह्या खांद्यावर पंजा ठेवला अन् म्हनते कसं, दादा, तुमची गाडी पावने चारले हाय.”

इथं भोक होतं. गोठ्यात बोलताना त्यानं मनातल्या मनात वीस आकडे मोजले होते. आता ते वीस आकडे सरता सरेनात. बाहेर एक मोटारसायकल गेली. आतलं सूप चालूच होतं. फट्, फट्. भैय्यालालनं हातातला रिमोट उगाचच उलटा केला.

मग पुन्हा आवाज सुरू झाला. “गाडी आली तं अस्वलानं आमचं बोचकं उचलून डब्यात ठेवलं…”

म्हणजे गेलं. मनिरामनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि दुसरीकडं पाहायला लागला. भैय्यालाल उठला. मोबाइल बंद करायला त्यानं बोट नेलं, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सूप थांबलं आहे. किती वेळचं थांबलं होतं ते त्याला सांगता आलं नसतं.

पाट सरकल्याचा आवाज झाला. अनुसयाबाई उंबरठ्यावर आली. डोक्यावरचा पदर घसरला होता, बोटांना तांदळाचं पीठ लागलं होतं. मनिराम बसलेला होता, फोटोतले सासरे भिंतीवर होते. ती उंबरठा ओलांडून सरळ बैठकीच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि दोन वर्षांत निघाला नव्हता असा आवाज काढला.

“खोटं! धडधडीत खोटं बोलून राह्यले! अस्वल कायचं वो मनिरामभाऊ, काळं घोंगडं पांघरलेला रेल्वेलायनीवरचा मानूस होता तो! अन् बिडी याईनं नाई देली, त्यानंच याईले देली. हेच कापून राह्यले होते!”